अप्पांचा पेन

गोष्ट तशी क्षुल्लक आहे, एका पेनाची. तिच्यावर चार पाने लिहावीत असे तिच्यात काय आहे, असे कोणी विचारले तर मला चटकन उत्तर देता येणार नाही. पण दोन वर्षे ती मनात ठाण मांडून बसली आहे आणि सांगितल्यावाचून हलेल असे दिसत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ चा दिवस. आमच्या सरकारी शाळेच्या अंगणात ध्वजवंदन झाले, आणि शिरस्त्याप्रमाणे त्या वर्षी दहावीत चमकलेल्या मुलामुलींचा छोटासा सत्कार झाला. अशा सत्काराला सरकारी तरतूद नसते. आम्ही शिक्षक वर्गणी काढतो. त्या वर्षी बक्षीस म्हणून शाईचे पेन द्यावेत, असा हट्ट मी धरला. सहकारी हसले. "सर, हल्ली शाईच्या पेनाने लिहितो कोण?" असे एकाने विचारलेही. पण मुख्याध्यापकाच्या वयाला आणि खुर्चीला थोडा हट्ट शोभतो, अशी माझी समजूत आहे. मी स्वतः बाजारात गेलो. दुकानदाराने आपल्या हैदराबादी रिवाजाने विचारले, "साब, जेंट्स पेन होना कि लेडीज पेन?" बक्षीसपात्र विद्यार्थी दहा, त्यांत सहा मुलगे, चार मुली. मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, सहा जेंट्स, चार लेडीज. त्याने काउंटरवर मांडले ते असे : सहा पेन काळे, जाडजूड, रुंद क्लिपचे, चार पेन करंगळीएवढे बारीक, दोन गुलाबी, दोन फिकट जांभळे, आणि क्लिपच्या टोकाला काचेचा एकेक खडा. मला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट चारही पेन गोंडस आहेत, असेच वाटले.

सत्कार झाला, मिठाई वाटली गेली, गर्दी पांगली. मी कार्यालयात येऊन बसतो न बसतो तोच शाळेत पहिली आलेली मुलगी दारात उभी राहिली. हातात पेनाची उघडी पेटी. आमच्या शाळेतली मुले तेलुगू, उर्दू आणि दखनी यांची जी मिसळ बोलतात, तीत ती म्हणाली, "सर, मेरेकु वो काला वाला मिलेगा क्या? मेरी राइटिंग बड़ी है." तिचे अक्षर मी पाहिले होते. खरोखरच मोठे, टपोरे. ओळीत न मावणारे. मी हसून म्हणालो, "वो तो लड़कों के हैं, बेटा."

ती "जी सर" म्हणाली. पेटीचे झाकण मिटल्याचा टक् असा आवाज झाला, आणि ती निघून गेली. तिने वाद घातला असता तर मी तिला समजावले असते, किंवा तिचे ऐकलेही असते. मुख्याध्यापकाला वाद घालणारी मुले सोसतात. निमूटपणे मान डोलावून जाणारी मागे राहतात.

त्या वेळी माझ्या खिशाला एक काळा, जाडजूड पेन लावलेला होता. तो गेली अडतीस वर्षे तिथेच होता. त्याच्याकडे माझा हात सहज गेला आणि मला एकदम कसेसेच झाले. पण त्याकडे यायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

प्रथम व्याकरण, तो माझा पोटापाण्याचा नसला तरी आवडीचा विषय. मी आतापर्यंत 'तो पेन' असे लिहीत आलो, ते पुण्याच्या वाचकाला खटकले असेल. तिकडे 'ते पेन' म्हणतात. आम्ही मराठवाड्याच्या आणि हैदराबादच्या अंगाचे लोक 'तो पेन' म्हणतो. मराठीत लिहिण्याच्या साऱ्या सरंजामाचे लिंग पाहिले तर मौज वाटते. बोरू पुल्लिंगी, टाक पुल्लिंगी, दौत आणि शाई स्त्रीलिंगी, टोपण नपुंसकलिंगी. लेखणी मात्र बाई! ज्या वस्तूला भाषेने इतक्या आदराने स्त्री म्हटले, ती वस्तू बायकांच्या हाती यायला किती शतके लागली, हे काय मी सांगायला हवे? आमच्या शहरात तर आणखी गोंधळ. उर्दू बोलणारा 'मेरा क़लम' म्हणतो, हिंदी बोलणारा 'मेरी कलम'. म्हणजे जिथे पेनाचे स्वतःचेच लिंग ठरलेले नाही, तिथे दुकानदार मात्र काउंटरवर त्याचे दोन तट पाडून मोकळा झालेला!

हे तट पडले कसे, याचा मी मागाहून थोडा शोध घेतला. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन या गृहस्थाने १८८४ साली आपल्या फाउंटन पेनाचे पेटंट घेतले. टाकाचे काम मेजावर, दौतीच्या शेजारी. या नव्या पेनाच्या पोटातच शाई, त्यामुळे तो अंगावर बाळगता येऊ लागला. आणि अंगावर बाळगायचा म्हणजे खिसा हवा. पुरुषाच्या कोटाला तो होता. तिकडच्या बायकांच्या झग्यांना बहुधा नसे. म्हणून कंपन्यांनी बायकांसाठी आखूड पेन काढले आणि त्यांच्या टोपणाच्या माथ्यावर क्लिपऐवजी कडी बसवली; कडीत रेशमी फीत किंवा साखळी ओवून पेन गळ्यात घालावा. पार्कर कंपनीने १९२१ साली आपला प्रसिद्ध 'ड्युओफोल्ड' आणला, चांगला लांबरुंद, शेंदरी लाल. किंमत सात डॉलर. त्याच्या पाठोपाठ त्याची धाकटी बहीण आली, 'लेडी ड्युओफोल्ड', कडीवाली. इथवर तरी ती एका अडचणीवरची तोड होती. पुढे अडचण विसरली गेली आणि तोड तेवढी शिल्लक राहिली. शेफर कंपनीने १९५८ साली 'लेडी शेफर' नावाचे पेन बाजारात आणले ते कापडावरच्या नक्षीचे, पोशाखाला साजेसे; जणू पेन हा दागिन्यांच्या डब्यातलाच एक जिन्नस. आणि अगदी अलीकडे, २०१२ साली, बिक या फ्रेंच कंपनीच्या 'फॉर हर' नावाच्या, खास बायकांसाठी म्हणून काढलेल्या बॉलपेनांची अमेरिका-इंग्लंडातल्या बायकांनी इतकी यथेच्छ टर उडवली, की ते पेन त्या टवाळीमुळेच जगाला माहीत झाले.

आपल्याकडचेही मूळ खिशातच आहे. सदऱ्याला डाव्या छातीवर खिसा, त्याला पेन. चोळीला, पोलक्याला खिसा नाही. मला शिकवणाऱ्या बाई पोलक्याच्या गळ्याशी पेन अडकवीत, आणि तो पडेल की काय या धास्तीने फळ्यावर लिहिताना एक हात सतत तिथे नेत. मास्तरांच्या सदऱ्यावर शाईचा डाग पडला तर तो विद्वत्तेचा. बाईंच्या पदरावर पडला तर तो वेंधळेपणाचा. सायकलचेही तसेच होते म्हणा. दांडी आडवी असेल तर पुरुषाची, तिरपी असेल तर बाईची. पण सायकलीत निदान लुगडे अडकण्याचा प्रश्न होता. पेनात काय अडकते?

कोणी म्हणतात, बायकांची बोटे नाजूक, म्हणून पेन बारीक हवा. हे अगदी उलटे आहे. पेन जितका बारीक तितका तो घट्ट धरावा लागतो आणि बोटे लवकर शिणतात. जाड पेन हातात विसावतो. शाईच्या पेनात पाहायचे ते आपले अक्षर. बारीक अक्षराला बारीक निब, टपोऱ्या अक्षराला रुंद. देवनागरी बारीक लिहिणाऱ्याने रुंद निब घेतली तर 'ष' आणि 'क्ष' यांची पोटे भरून जातात. उलट उर्दूला रुंद, तिरक्या कापाचीच लेखणी हवी, तिच्याशिवाय त्या लिपीतली ती जाड-बारीक लय उतरतच नाही. कोणत्याही निबेने आजवर लिहिणाऱ्याचे नाव-गाव विचारलेले नाही. हे सगळे मला ठाऊक होते. वर्गात शिकवीतही होतो. आणि तरीही मी त्या मुलीला म्हणालो की ते पेन मुलांचे आहेत!

आता अप्पांच्या पेनाकडे येतो.

अप्पा म्हणजे माझे वडील. निजामाच्या काळात त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले; मोडी घरी शिकले. पुढे सरकारी कचेरीत कारकून. त्यांचा पेन अबिड्सवरचा. १९२८ साली सुरू झालेले तिथले डेक्कन पेन स्टोअर्स जुन्या हैदराबादकराला ठाऊक नाही असे होणार नाही. लग्नाच्या शालूइतकाच विचार करून लोक तिथे पेन घ्यायचे. त्या काळी एबोनाइटचे पेन मिळत. एबोनाइट म्हणजे गंधक घालून टणक केलेले रबर. त्याची कांडी खरादावर धरून, हाताने घडवून पेन करायचे. आपल्या शेजारच्या राजमहेंद्रीत के. व्ही. रत्नम यांनी तर १९३० च्या दशकात अस्सल स्वदेशी पेन करून दाखवला आणि तो गांधीजींच्या हाती पोहोचवला. अप्पांचा पेन असा एबोनाइटचा, काळा, अंगठ्याएवढा जाड, ड्रॉपरने शाई भरायचा. टोपण काढले की गंधकाचा किंचित वास येई. मला अजूनही तो वास म्हणजे पहिल्या तारखेचा, पगाराचा वास वाटतो.

या पेनाचे मुख्य काम घरी पत्रे लिहिण्याचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले, आणि आमच्यासारखी कितीतरी मराठी घरे इथेच राहिली. भाऊबंद परभणीला, नांदेडला, औरंगाबादला, आम्ही इकडे. सोयरिक, श्राद्धपक्ष, शेताची वाटणी, सारे पत्रांवर चाले. अप्पा रविवारी सकाळी पोस्टकार्डांची चळत घेऊन बसत. पुढे त्यांना मोतीबिंदूने गाठले. कचेरीतले काम कसेबसे निभे, पण पोस्टकार्डाच्या ओळी जुळेनात. तेव्हा त्यांनी पेन अक्काच्या हाती दिला.

अक्का माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. १९७९ साली ती दहावी झाली. घरात प्रथेप्रमाणे कौतुक झाले, आणि तिला एक नवा पेन मिळाला, लेडीज पेन. चिनी बनावटीचा 'हीरो', सडपातळ, मरून रंगाचा, सोनेरी टोपणाचा. नाव हीरो आणि विकला गेला लेडीज पेन म्हणून, याची गंमत तेव्हा कोणाला वाटली नाही. मला मात्र त्या पेनाचे वेड लागले. माझे अक्षर मुंगीच्या पावलांचे. त्याची ती सुईसारखी निब माझ्यासाठीच केली असावी असे वाटे. एकदा अक्काला न विचारता मी तो शाळेत नेला. मधल्या सुटीपर्यंत सारा वर्ग 'बाईचा पेन, बाईचा पेन' म्हणून माझ्यामागे लागला. घरी येऊन मी तो मुकाट्याने तिच्या दप्तरात ठेवला आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. एवढ्याशा पोराला एवढे पुरते.

अक्का मात्र पत्रे लिही ती अप्पांच्या पेनाने. त्याला कारण होते. पत्र अप्पांचे म्हणून जायचे. तेव्हा अक्षरही अप्पांचे दिसायला हवे, आणि तो जाड फटकारा त्या मरून पेनातून उतरता ना. पहिल्याने अप्पा सांगत आणि ती लिही. मग अप्पा म्हणू लागले, "नेहमीसारखे लिही." मग तेही म्हणेनासे झाले. पाऊसपाणी, ज्वारीचा भाव, नळाला पाणी येण्याची वेळ, कोणाच्या मुलीला कोणते स्थळ सांगून आले, सारे तीच जुळवी, आणि शेवटी अप्पांची वळणदार सहीही तीच ठोकी. परभणीच्या मोठ्या काकांचे उत्तर येई, "तुझे अक्षर या वयातही मोत्याच्या दाण्यासारखे आहे, पाहून समाधान वाटते." ते उत्तर अक्काच अप्पांना वाचून दाखवी. अप्पा खुदकन हसत. तीही हसे. हा आमच्या घरातला एक विनोद झाला होता.

सहा वर्षे तिने त्या पेनाने लिहिले. शाईच्या पेनाची निब ही लाकडी खडावांसारखी असते. टोकावरचा तो कठीण धातूचा कण लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाने अगदी हळूहळू घासत जातो. पेन कलता धरणाऱ्याची निब एका अंगाने झिजते, उभा धरणाऱ्याची दुसऱ्या. म्हणून जुनी माणसे आपला पेन दुसऱ्याला देत नसत; सहीपुरता मागितला तरी टोपण स्वतःकडे ठेवून घेत. अप्पांची निब अक्काच्या हाताला लागली होती.

१९८५ साली मी दहावी झालो. त्याच वर्षी अक्काचे लग्न ठरले, नांदेडला. निकालाच्या दिवशी अप्पांनी मला देवापुढे बसवले, कुंकू लावले आणि आपला पेन माझ्या खिशाला लावला. घरातला कर्ता पेन कर्त्या मुलाकडे. आईने डोळे टिपले. अक्का पेढ्यांचे ताट घेऊन उभी होती. तिने माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाली, "आता पत्रं तू लिही." तिच्या स्वरात काही होते का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिले. काही नव्हते. निदान मला ऐकू आले नाही.

त्या पेनाने मला कधीच नीट लिहिता आले नाही. तो कागदावर करकरे. माझ्या बारीक अक्षरात शाईचे गोळे होत. नव्या माणसाच्या हातात जुनी निब बसायला वेळ लागतो, असे अप्पा म्हणत. तिचे जुने माणूस कोण, हे त्यांच्याही ध्यानात आले नाही. अक्का सासरी गेल्यावर मी परभणीला पहिले पत्र लिहिले. आठ दिवसांत मोठ्या काकांचे उत्तर आले, काळजीने भरलेले : "अक्षर फार बदललेले दिसले. हात तर कापत नाही ना? प्रकृतीस जपावे. डॉक्टरला दाखवावे." अप्पांनी ते ऐकले आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिही, हात जरा दुखावला आहे, आता बरा आहे." मी लिहिले. काका गेले, अप्पा गेले. त्या अक्षराची खरी हकीकत परभणीला कोणाला कळली नाही. सहा वर्षे ज्या अक्षराची वाहवा झाली ते अक्षर नांदेडला एका स्वयंपाकघरात वाण्याच्या याद्या लिहीत होते.

मी पुढे उस्मानियातून मराठीत एम. ए. झालो, नोकरीला लागलो, बढत्या मिळाल्या. लिहायला सदैव साधा बारीक पेन, पुढे बॉलपेन; पण खिशाला अप्पांचा पेन. सभांना, लग्नांना, तपासणीला अधिकारी आले की हटकून. लोक विचारत, "जुना दिसतो?" मी अभिमानाने सांगे, वडिलांचा. एम. ए. च्या अभ्यासात ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' वाचले होते. बुलढाण्याच्या या बाईंनी ते १८८२ साली लिहिले. वऱ्हाड तेव्हा कारभाराने इंग्रजांकडे असले तरी कागदोपत्री निजामाच्याच मुलखात मोडे. त्या नात्याने ताराबाईंवर आम्हा हैदराबादकरांचाही थोडा हक्क पोहोचतो, असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असे. छापून निघाल्यावर ते पुस्तक असे विस्मृतीत गेले की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले तेव्हा मराठी वाचकाला नवलच वाटले. बाईने लिहिले तर नवरा दगावतो, अशी समजूत ज्या समाजात होती, त्यात त्या लिहीत होत्या. माझी स्वतःची आजी 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' घडाघडा वाची. पण सहीच्या जागी अंगठा उठवी. तिला वाचायला शिकवले होते, लिहायला नाही. पोथी वाचून पुण्य लागते, लिहून काय लागते? हे सगळे मी तळमळीने शिकवत असे, आणि शिकवताना खिशाला तो पेन असे. माणसाची विद्वत्ता त्याच्या खिशापर्यंत पोहोचायला कधी कधी फार वेळ लागतो.

त्या मुलीने मिटलेल्या पेटीचा आवाज ऐकला तेव्हा ती पोहोचली, एवढे खरे.

तिला शोधून काळा पेन नेऊन द्यावा, असे चार दिवस मनात घोळत होते. तोवर ती इंटरमीजिएटसाठी दुसरीकडे गेली होती. पत्ता काढता आला असता. मी काढला नाही. आता कशाला, अवघडल्यासारखे होईल, अशी स्वतःची समजूत घातली. आणि अवघडणार होतो ते मी, हेही मला कळत होते.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या १५ ऑगस्टला, मी तेवढे केले की सगळे पेन टोपणे काढून एका परातीत ठेवले. शेजारी शाई आणि कोरे कागद. ज्याने त्याने लिहून पाहावे आणि हवा तो उचलावा. मला वाटले होते, आता काही तरी क्रांतिकारक दृश्य दिसेल. तसे काही झाले नाही. दोन मुलींनी आनंदाने गुलाबी पेनच घेतले. त्यांना तो रंग आवडत होता, आणि आवडू नये असे सांगणारा मी कोण? एकीने तीन पेन चालवून पाहिले आणि सगळ्यांत जाड तो घेतला. एका मुलाचा हात जांभळ्या पेनावर बराच वेळ थांबला. त्याने त्याने लिहून पाहिले, पुन्हा लिहिले. अक्षर बारीक, सुबक. मग त्याने मागे उभ्या असलेल्या मित्रांकडे पाहिले आणि काळा पेन उचलला. मला चाळीस वर्षांमागची मधली सुटी आठवली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर सगळ्या वर्गाचे लक्ष त्याच्याकडे गेले असते.

त्या वर्षी दिवाळीत भाऊबीजेला नांदेडला गेलो. अक्का आता बासष्टची आहे. नातवंडे आहेत. सांधेदुखीने बोटांची पेरे सुजलेली असतात. पाटावर बसलो, तिने ओवाळले, मी ताटात नेहमीप्रमाणे साडी ठेवली. निरांजनाच्या उजेडात तिची नजर माझ्या खिशाकडे गेली.

"अप्पांचा ना हा? चालतो अजून?"

"माझ्याकडे कधी चाललाच नाही," मी म्हणालो.

ती हसली. जेवणे झाल्यावर मी पेन काढून तिच्यापुढे ठेवला. एबोनाइट उन्हाने-उजेडाने तपकिरी पडते, तसा तो पडला होता. तिने टोपण काढले आणि पहिल्याने नाकाशी नेले. मग कोमट पाण्यात निब आणि तिच्याखालची जीभ धुतली. हे सारे तिचे हात आपापले करीत होते; बोलत ती माझ्याशी होती. मी हैदराबादहून कॅम्लिनची निळ्या शाईची बाटली आणली होती, ड्रॉपरही. शाई भरून झाल्यावर तिने नातवाच्या वहीचे मागचे पान घेतले. बॉलपेन धरताना तिची बोटे वळत नाहीत, हे मी सकाळीच पाहिले होते. तिने वाण्याची यादी नातवाकडून लिहून घेतली होती. हा जाड पेन मात्र तिच्या बोटांत अलगद बसला. तिने लिहिले, 'सा. न. वि. वि.' पेन करकरला नाही. त्याखाली, बहुधा सवयीनेच, अप्पांची सही केली. तीच वळणे, शेवटचा तोच फटकारा. मी पाहत राहिलो. वर्षानुवर्षे खिशात बाळगलेली वस्तू काय आहे हे मी प्रथमच पाहत होतो.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "इंटर झाल्यावर मी अप्पांच्या नावाने परभणीला एक पत्र लिहिलं होतं. अप्पांना न सांगता. 'मुलीला बी. ए. ला घालावे म्हणतो, तुझे मत कळवावे,' असं. म्हटलं, मोठ्या काकांनी हो म्हटलं तर अप्पा ऐकतील."

"मग?"

"मग काय! उत्तर आलं. 'तू असा विचार करशील असे वाटले नव्हते. मुलीची जात; स्थळे पाहायला लागावे.' ते तेवढं मी अप्पांना वाचून दाखवलं नाही."

"अक्का, तू हे कधी बोलली नाहीस."

"कोणाला बोलणार? पत्र अप्पांचं, उत्तर अप्पांना." आणि ती पुन्हा हसली, रविवार सकाळी पोस्टकार्डे लिहिताना हसे तशीच.

आत नातवाने हाक मारली. ती उठली. पेनाचे टोपण लावले, वही मिटली, आणि दोन्ही घेऊन आत जायला निघाली. पेनाविषयी मी अजून काही बोललो नव्हतो. कसे बोलावे याची येताना गाडीत जुळवाजुळव केली होती, ती तशीच राहिली. दारात ती थांबली आणि मागे वळून म्हणाली,

"शाईची बाटली इथंच ठेवून जा. इकडं चांगली मिळत नाही."